आक्कांचा दर

महागाईला शिव्या देणारी माणसं मला रोज भेटतात. स्टाफरूममध्ये भेटतात, एसटीत भेटतात, आणि एक तर घरातच आहे, त्याच्याशी माझं लग्न झालंय. पण महागाईची खडानखडा खबर ठेवणारी, ती यंदा कुणाच्या चुलीपर्यंत शिरली आणि कुणाच्या उंबऱ्यावर थांबली हे सांगू शकणारी, आणि तिच्या मापाची मजुरी भल्याभल्या बागायतदारांकडून वाढवून घेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या द्राक्षबागेत कामाला येणाऱ्या बायकांच्या टोळीच्या त्या मुकादम. अख्खा गाव त्यांना आक्का म्हणतो. खरं नाव आधार कार्डावर असेल. ते वाचायची वेळ अजून कुणावर आलेली नाही.

मी सांगलीत एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, आणि तासगावच्या अलीकडे सासरी राहते. मागणी, पुरवठा, मजुरी, व्याज, चलनवाढ हे सगळं मी वीस वर्षं फळ्यावर लिहून पुसत आले. मुलं ते पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि हॉलच्या बाहेर पडता पडता विसरतात. मी स्वतः अजून विसरले नाही, याचं श्रेय पुस्तकांना कमी आणि आक्कांना जास्त आहे. आक्का मूळच्या जतकडच्या. तिकडं पाऊस झाला तर ज्वारी, नाही झाला तर टँकर. लग्नानंतर नवऱ्याबरोबर द्राक्षांच्या कामाला इकडं आल्या, नवरा लवकर गेला, आक्का राहिल्या. साडीवर पुरुषाचा पुऱ्या बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल, त्यावर पदर, गळ्यात नाडीला बांधलेली कात्री. उंची पाच फुटाला जरा कमी. बोलणं आपल्या सांगलीकडचंच, पण रागावल्या की त्यात कानडी उतरतं. ‘ब्याड’ म्हणजे नको आणि ‘साकु’ म्हणजे पुरे. आमचे हे कानडीतले एवढे दोनच शब्द शिकलेत, आणि दोन्ही मजुरी ठरवताना.

आक्का बातम्या बघत नाहीत. महागाईचा आकडा टीव्हीवर येतो तेव्हा त्या भाकऱ्या थापत असतात. त्यांची नजर असते ती पाच गोष्टींवर: धुण्याचा साबण, तूरडाळ, खोबरेल तेलाची सगळ्यांत लहान बाटली, पाच रुपयांचा बिस्किटपुडा आणि टोळीला घेऊन येणाऱ्या जीपचं भाडं. एकदा सकाळी मी कॉलेजला निघायच्या गडबडीत, आणि आक्का दारात. एका हातात साबणाची नवी वडी, दुसऱ्या हातात तसलीच जुनी, ट्रंकेच्या तळाशी सापडलेली. “वैनी, ह्यावरचं वजन वाचा जरा.” मी वाचलं. किंमत तीच, पण नवी वडी जुनीपेक्षा चांगलीच हलकी. “मला ठावं हुतं,” आक्का म्हणाल्या. “चार दिस झालं, साबण हातात गावंना. दर तसाच ठिवून साबण रोडावलाय. आवं, मानूस रोडावलं तर दवाखान्यात न्हेत्यात. साबणाला कोन न्हेनार?” त्या दोन्ही वड्या मी त्या दिवशी वर्गात नेल्या. चलनवाढीच्या धड्याला मागचा बाक जागा राहिल्याचं मला आठवत असलेलं ते एकमेव उदाहरण. संध्याकाळी परत द्यायला गेले, तर आक्कांनी नवी ठेवून घेतली आणि जुनी माझ्या हातात ठेवली. “तुमीच ठिवा. पुढच्या वर्साच्या पोरांस्नी बी लागंल.”

मालक कसा आहे हे त्या त्याच्या चहावरून ठरवतात. घरी कितीही खोल्या असोत, दारात कुठलीही गाडी असो, बागेत येणारा चहा पातळ असला की आक्कांच्या लेखी तो माणूस संपला. एकदा दुधाचा दर वाढला आणि आमच्या ह्यांनी डेअरीला जास्त दूध घालायला सुरुवात केली. बागेतला चहा निळसर पडला. दुपारपर्यंत टोळी रोजच्यापेक्षा तीन ओळी मागं. “आक्का, आज हात चालंनात व्हय?” ह्यांनी विचारलं. “हात चालत्यात की आण्णा,” आक्का म्हणाल्या. “चहाच हातापातूर पोचंना.” दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी चहा स्वतःच्या ताब्यात घेतला.

पण त्यांची खरी करामत मजुरी ठरवताना. आमच्याकडं सगळा जीव विरळणीत अडकलेला असतो. विरळणी म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं काढून टाकणं. आठ-दहा दिवसांत झाली तर झाली. मणी फुगून एकमेकांना टेकले की कात्री आत जात नाही, आणि तसला घड व्यापारी हातातसुद्धा धरत नाही. हे जितकं बागायतदाराला ठाऊक, तितकंच आक्कांना. त्या मजुरीचं कधी बसून बोलत नाहीत, ओळीतून चालत बोलतात. आमच्या बागेतला वेलींचा मांडव सासऱ्यांनी घातलेला, त्यांच्या उंचीचा, आणि सासरे बुटके होते. हे सासूबाईंवर गेलेत, सहा फुटाला दोन बोटं कमी. त्यामुळं पुढं आक्का ताठ मानेनं आणि मागं हे, कमरेत वाकून, तार डोक्याला लागू नये म्हणून दर दोन पावलांना मान खाली घालत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस त्या बाईची माफी मागत चाललाय. मी एकदा आक्कांना म्हटलं, कडेला बसून बोलत जा की. तर म्हणाल्या, “वाकलेल्या मानसाला लय येळ न्हाई म्हनता येत न्हाई, वैनी. कंबर दुखती.”

दोन वर्षांपूर्वी त्यांनी साडेतीनशेचे चारशे मागितले, तेव्हा गावातल्या बागायतदारांनी कट्ट्यावर बैठक घेतली. औषधं महागली, खतं महागली, डिझेल महागलं आणि बेदाण्याचा दर मात्र जागचा हलत नाही, असं सगळे म्हणाले, आणि त्यात काही खोटं नव्हतं. एक रुपयाही कुणी वाढवायचा नाही असा एकमुखी ठराव झाला. आमचे हे घरी आले ते छाती काढून. ही एकी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली. ऊन चांगलं पडलं होतं, मणी डोळ्यांदेखत फुगत होते. ज्यानं ठराव मांडला त्यानंच पंपाच्या खोलीमागं जाऊन आक्कांना फोन लावला, “चारशे देतो आक्का, पर कुनाला बोलू नगा.” आक्का कुणाला बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त फोन स्पीकरवर ठेवला होता, आणि शेजारच्या बांधावर आमचे हे उभे होते.

एवढं असून आक्का आडमुठ्या नाहीत. अवकाळीनं बाग झोडपली त्या साली हे आपणहून म्हणाले, आक्का, यंदा दराचं कसं करायचं? आक्कांनी गळलेल्या घडांकडं बघितलं आणि म्हणाल्या, “औंदा वरच्यानं तुमचीच विरळनी केलीया. ऱ्हाऊ द्या. पुढच्या साली बगू.” आणि पुढच्या साली त्यांनी बरोबर बघितलं.

व्याजदराशी मात्र आक्कांचा संबंध एकदाच आला. मी सुट्टीच्या दिवशी बांधावर टोळीबरोबर जेवायला बसले होते, आणि कुणाच्या तरी फोनवर बातम्या चालू होत्या. आक्कांनी घास खाली ठेवला. “वैनी, रोपांचा दर उतरला म्हनं?” मी म्हटलं, “रोपांचा नाही आक्का, रेपो दर. बँकांनासुद्धा कधी कधी उसने पैसे लागतात. ते त्यांना वरची मोठी बँक देते, त्याचा तो दर.” आक्कांनी मान डोलावली. “म्हंजी बँकांस्नी बी मुकादम हाय म्हना की.” मी वीस वर्षं शिकवते, पण इतक्या थोडक्यात मला ते कधी सांगता आलं नव्हतं. “मग आता कर्ज सस्त व्हनार?” “होईल थोडं.” “आन ठेव ठिवली तर?” “तिचंही व्याज उतरेल.” आक्कांनी दोन बोटं पुढं केली. “माझ्याकडं कर्ज बी न्हाई आन ठेव बी न्हाई. मग मला काय झालं?” हा प्रश्न आजवर कुठल्या पेपरात आलेला नाही. मी म्हटलं, “तुम्हाला काहीच झालं नाही आक्का.” “मग ब्येस हाय,” म्हणून त्यांनी घास उचलला.

आक्कांना एकच मुलगी. अकरावीला ती माझ्याच वर्गात आली. हुशार, अबोल, अक्षर मोत्यासारखं. पुढं बीकॉम झाली, घराण्यात पहिली, आणि सांगलीतल्या साड्यांच्या एका मोठ्या शोरूममध्ये कामाला लागली. त्या दिवसापासून आक्कांच्या बोलण्यात एक वाक्य कायमचं आलं: “माझी पोरगी सावलीत काम करती.” नुसती सावली नाही, वरून गार हवा. खाली फरशी अशी की आपलं तोंड दिसतं. टोळीतल्या बायका पगार विचारायच्या, तर आक्का त्यांना गप्प करायच्या. “शिकलेल्या मानसाला पगार इचारायचा नस्तो.” जगातल्या यच्चयावत वस्तूंचे दर विचारणाऱ्या या बाईनं पोरीचा पगार मात्र कधी विचारला नाही. आता मला वाटतं, त्यांना मनात कुठंतरी भीती असावी.

गेल्या वर्षी विरळणीच्या अखेरच्या दिवसांत, दुकानाला सुट्टी होती म्हणून मुलगी आईचा डबा घेऊन बागेत आली. जेवणं उरकून बायका परत कामाला लागल्या होत्या, मीही तिथंच होते. टोळीत महिन्याभरापूर्वीच आलेली एक बाई होती, कात्री नीट धरायलाही नुकतीच शिकलेली. तिला आक्कांचा नियम ठाऊक नव्हता. तिनं सरळ विचारलं, “पगार किती गं तुला?” आणि मुलीनंही सरळ सांगून टाकलं, “नऊ हजार.” आक्कांना लिहिता-वाचता येत नाही, पण भागाकार येतो. सव्वीस दिवस धरले तर रोजाचे साडेतीनशेही भरत नव्हते, आणि ती नवखी बाई चारशे घेत होती. आक्कांची कात्री थांबली. मग त्या माझ्याकडं वळल्या. “म्हैन्यातनं एकदा मिळतो म्हून त्येला पगार म्हनायचं, आन आमाला रोज मिळती म्हून ती मजुरी. असंच न्हवं का वैनी?” मुलगी रिकामा डबा घेऊन निघून गेली.

दोनच दिवसांनी आक्का सकाळी दारात उभ्या. शर्ट नाही, टॉवेल नाही, ठेवणीतली जांभळी साडी. “चला सांगलीला. दर ठरवून येऊ.” मला वाटलं कुठल्या बागेचा. “पोरीचा,” आक्का म्हणाल्या. मी परोपरीनं सांगितलं, की शोरूममध्ये असं चालत नाही, मुलीला आवडणार नाही. “लगीनसराई हाय. दुकान भरल्यालं असनार. मालक गरजवंत असतो तवाच बोलायचं असतंय.” हेच तर मी बारावीला शिकवते. “मी काय करू पण येऊन?” “तुमी इंग्रजीत बोला, मी मराठीत.” “मालक मराठीच असेल आक्का.” “मग नुसतं बसा. चष्मा घालून.”

शोरूम खरंच भरलेलं होतं. मुलगी एका नवरीच्या आईला शालू दाखवत होती. तिनं आम्हाला पाहिलं, चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही, फक्त हातातला शालू उलगडायचा तो उलगडतच राहिला, गिऱ्हाइकाच्या मांडीवरून खाली जमिनीपर्यंत. मालक पन्नाशीचे, मऊ आवाजाचे, गल्ल्यावर बसलेले. आक्का नेहमीप्रमाणं बोलत बोलत चालायला लागल्या, साड्यांच्या दोन रांगांमधून सरळ पुढं. दहा पावलांवर त्यांच्या लक्षात आलं, मागं कुणीच येत नाही. मालक जागेवरूनच म्हणाले, “मावशी, बसा की निवांत.” आक्कांना परत यावं लागलं, आणि बसावं लागलं, पांढऱ्याशुभ्र गादीवर. गादी खाली गेली आणि आक्का तिच्यात बुडाल्यासारख्या दिसल्या. तेवढ्यात चहा आला. आक्कांनी एक घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा पडला. चहा फक्कड होता.

तरी त्या बोलल्या. साबणापासून जीपच्या भाड्यापर्यंत सगळं बोलल्या. आपल्या टोळीतल्या नवख्या बाईला किती मिळतात ते सांगितलं. पोरगी बीकॉम आहे, फर्स्ट क्लास आहे, ह्या बाई तिच्या मास्तरीण आहेत. इथं मी चष्मा सारखा केला. शेवटी आक्कांनी आपला हुकमाचा पत्ता टाकला. “न्हाईतर पोरीला घरला न्हेते. मग बसा लगीनसराईत हुडकत.”

मालकांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नव्हतं. त्यांनी शांतपणे खालचा खण उघडला आणि कागदांचा एक गठ्ठा गादीवर ठेवला. “मावशी, नेऊ नका. गुणाची पोरगी आहे. पण नेलीच, तर हे बघा. हे ह्या दोन महिन्यांतले अर्ज. मी जाहिरातसुद्धा दिलेली नाही. माझंबी ऐका जरा, लोक आता घरबसल्या मोबाईलवर साड्या मागवतात. गिऱ्हाईक पूर्वीचं राहिलं नाही.” ते दमदाटीनं बोलत नव्हते, हेच वाईट होतं.

आक्कांनी गठ्ठा मांडीवर घेतला. वाचता येत नव्हतं, म्हणून त्या प्रत्येक कागदावरचा फोटो बघायला लागल्या. एकेक फोटो अंगठ्यानं पुसल्यासारखा करायच्या आणि विचारायच्या, “ही कुठली?” मी वाचायची. आटपाडी. जत. कवठेमहांकाळ. एक थेट कोरेगावची. बीकॉम, एमकॉम, बीएड, आणि एक चक्क इंजिनिअर. आक्का मधेच म्हणाल्या, “सगळ्या आमच्या पोरीवानीच दिसत्यात की.” आणि मग कागद नीट एकावर एक लावून त्यांनी परत केले. द्राक्षाच्या पेट्या लावतात तसे, कोपऱ्याला कोपरा.

मला वाटलं, आता आक्का उठणार. पण रिकाम्या हातानं उठणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी दुकानभर नजर फिरवली. “बरं, दर ऱ्हाऊ द्या. ह्या पोरी सकाळधरनं उभ्याच हायत न्हवं?” मालक म्हणाले, “कामच तसं आहे मावशी.” “बागंत बी कामच असतंय. पर आमी दुपारचं तासभर टेकतो. गिऱ्हाईक नसंल तवा ह्यास्नी बसायला काय हाय?” मालकांनी मान वर करून आपलंच दुकान बघितलं, बहुतेक त्या नजरेनं पहिल्यांदाच. स्वस्तात सुटतोय हेही त्यांच्या लक्षात आलं असणार. “चार स्टुलं आणून ठेवतो.” “कवा?” “ह्या आठवड्यात.” “वार सांगा.” “शुक्रवार.” मग आक्का गादीतून बाहेर आल्या.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसून गप्प होत्या. आक्का गप्प आहेत हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं काय करायचं असतं ते मला कळेना. कवलापूर मागं पडल्यावर म्हणाल्या, “वैनी, बागंत बाया मिळंनात, आन दुकानात पोरी मावंनात. हे कसं?” मी उत्तर दिलं. वीस वर्षं देत आलेलं उत्तर, शब्द सगळे बरोबर होते. आक्कांनी ते पुरतं ऐकून घेतलं. “मग म्या तिला शिकिवलं ते चुकलं का?” “नाही आक्का,” मी म्हटलं. एवढं एकच उत्तर मी त्या दिवशी पुस्तकाबाहेरचं दिलं, आणि त्याबद्दल माझी खात्री सगळ्यांत जास्त होती.

शुक्रवारी स्टुलं आली. मुलीनं आठ दिवस आईशी अबोला धरला, कारण दुकानातल्या सगळ्या मुली तिला ‘स्टुलवाली’ म्हणायला लागल्या. मग एक दिवस तिनंच सांगितलं, की आता दुपारी पाय सुजत नाहीत, आणि त्या चिडवणाऱ्या मुलीच स्टुलांवरून आधी भांडतात. पाडव्यानंतर तिनं पुण्यातल्या एका कंपनीत बिलांच्या कामासाठी मुलाखत दिली. पहिला आकडा त्यांनी सांगितला तेव्हा तिनं लगेच हो म्हटलं नाही, विचार करून उद्या कळवते म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडा वाढवला. हे तिनं मला फोनवर सांगितलं. आईला सांगू नका म्हणाली, ती गावभर करेल. पगार जवळजवळ दुप्पट झाला, आणि त्यातला बराचसा पुण्यातली खोली खाऊन टाकते. आक्कांनी तिला अडवलं नाही. टोळीत पूर्वी अठरा बायका होत्या, आता अकरा आहेत. नवी कुणी येत नाही. सगळ्यांच्या पोरी कुठं ना कुठं अर्ज करतात. मी एकदा विचारलं, “आक्का, तुमच्या मागं टोळी कोण चालवणार?” “कुनी न्हाई,” त्या म्हणाल्या. “आन तेच बरं हाय.” मग म्हणाल्या, “पर कवा कवा वाटतं, एवढं सगळं मला येतंय, ते कुनाला द्यायचं?”

यंदा पाऊस उघडल्यावर, छाटणीच्या आधी, त्या पहिल्यांदा पुण्याला गेल्या. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, बेदाण्याची पिशवी असं ओझं. मीच त्यांना सांगलीच्या स्टँडवर बसवून दिलं. कंडक्टरनं बायकांचं अर्धं तिकीट फाडून हातात दिलं, तर आक्कांनी ते उलटसुलट करून पाहिलं. “जलमभर बाई म्हून दर कमी लावला सगळ्यांनी,” त्या खिडकीतून मला ओरडून म्हणाल्या. “आज पैल्यांदा फायद्याचं निघालं बगा!” अख्खी एसटी हसली. कंडक्टरही हसला.

आठ दिवस राहणार होत्या, चौथ्या दिवशी परत आल्या. दुसऱ्या दिवशी बागेत गेले तर आक्का वेलींची पाहणी करत होत्या. मी म्हटलं, “कसं काय पुणं?” त्यांनी पुण्याबद्दल काही सांगितलं नाही. म्हणाल्या, “घरमालक आला हुता. भाडं दीड हजारानं वाढवायचं म्हनत हुता. मी उठलेच हुते. पर पोरगी म्हनली, आई, तू थांब, हे मी बगते. ती बाहीर गेली, मी आत दाराआड हुबी ऱ्हायले.” “मग?” “लय ब्येस बोलली. आवाज चढवला न्हाई, रडली न्हाई. कवापासनं ऱ्हातीया, एकदा बी भाडं चुकलं न्हाई, नळ गळतोय तो म्हैनाभर कुनी बगितला न्हाई, सगळं वळीनं सांगितलं. पाचशेवर आनला त्येला. नळ बी दुरुस्त करायचं कबूल केलं.” मग आपल्या सवयीनं म्हणाल्या, “जरा घाई केली. आनखी दोनशे उतरला असता.”

मी हसले. आक्का हसल्या नाहीत. हातातली वेल तारेवर नीट बसवत होत्या.

“मी दाराआडच हुते, वैनी,” त्या हळूच म्हणाल्या. “तिला ठावं हुतं मी हाय म्हून. तरी एकदा बी मागं वळून बगितलं न्हाई.”

मग पदरानं तोंड पुसलं, आणि पुढच्या वेलीकडं गेल्या.